आवाजाचे गाठोडे

तुमच्या घरात माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी जुन्या कॅसेटचा एखादा डबा पडून असेल. तो खाली काढून पाहा. एखाद्या कॅसेटवर कोणाच्या तरी बारशाचा गोंगाट असेल, एखादीवर आजोबांनी म्हटलेली आरती असेल, तर एखादीवर नुसतेच "हॅलो, हॅलो, चालू झाला का रे?" असे विचारणारा आवाज असेल. त्यांतली काही माणसे आज नसतील. कॅसेट मात्र आहे. पण तीही फार दिवस टिकायची नाही. ध्वनिफीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. दमट हवेत फितीला बुरशी येते, भुकटी धरून ठेवणारा पदार्थ कमजोर होतो, आणि ती वाजवणारी यंत्रे तर आता दुरुस्त करून मिळणेही कठीण. फितींवरचे आवाज संगणकात उतरवून घ्यायला फारसा वेळ उरलेला नाही, असा इशारा युनेस्कोने २०१९ सालीच जगभरच्या संग्रहालयांना दिला होता.

हा इशारा मला जरा उशिराच समजला. १९८७ साली मी माझ्या आत्याच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. पहाटेची वेळ, आत्या जात्यावर बसलेली, आणि ओवीच्या मागे जात्याची घरघर. पुढे बऱ्याच वर्षांनी मी ती कॅसेट एका छोट्या अंकीय ध्वनिमुद्रकावर उतरवून घेतली. जागा कमी लागावी म्हणून 'बोलणे' असे लिहिलेली खूण निवडली, आणि काम झाले असे समजून कॅसेट पुसून दुसऱ्या कामाला वापरली. नंतर सावकाश ऐकायला बसलो तेव्हा आत्याचा शब्द न् शब्द स्पष्ट होता. जाते मात्र नव्हते! तिच्या ओव्या आता एखाद्या रिकाम्या खोलीत म्हटल्यासारख्या वाटतात.

जाते गेले कुठे? ते कोणी काढले? याचे उत्तर शोधायचे तर आवाज संगणकात कसा जातो, तो लहान कसा करतात आणि मग कुलूप लावून जपतात कसा, हे सगळेच पाहायला हवे.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्या चढउतारांचे विजेच्या दाबात रूपांतर करतो. संगणक काय करतो, तर हा दाब ठराविक काळाने मोजतो आणि आलेला आकडा टिपून ठेवतो. रुग्णालयातली परिचारिका रुग्णाचा ताप दर चार तासांनी मोजून तक्त्यावर टिंब काढते ना, तसेच. फरक इतकाच की येथे मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकू येतात, आणि एखादे कंपन नीट पकडायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. या नियमाशी हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या दोन शास्त्रज्ञांची नावे जोडलेली आहेत.

प्रत्येक मोजमाप हा –३२,७६८ ते ३२,७६७ यांमधला एक पूर्णांक असतो. तो लिहायला १६ बिट, म्हणजे २ बाइट लागतात. आता गुणाकार करा. एका सेकंदाला ८८,२०० बाइट. एका तासाला ३१ कोटी ७५ लाख २० हजार बाइट. ही संख्या केवढी मोठी आहे? देवनागरीतले एक अक्षरचिन्ह संगणकात ३ बाइट घेते. पानावर १,५०० चिन्हे धरली, तर ३०० पानांच्या पुस्तकाला साडेतेरा लाख बाइट पुरतात. म्हणजे आत्याच्या एका तासाच्या ओव्यांना सव्वादोनशेहून अधिक पुस्तकांइतकी जागा लागते! ध्वनिसंग्रहालयांतले लोक तर याहूनही काटेकोर. ते सेकंदाला ४८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक आकड्याला २४ बिट देतात. त्यांचा एक तास ५१ कोटी ८४ लाख बाइटचा होतो.

म्हणून आवाज लहान करण्याची गरज पडली. या खटाटोपाला आपण संक्षेपण म्हणू.

तारेचे पैसे

संक्षेपण समजून घ्यायला तुमच्या आजोबांना तारेविषयी विचारा. भारतात ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे तातडीचा निरोप तारेने जात असे. पैसे शब्दांवर पडत. त्यामुळे "आपणांस कळवण्यास अत्यंत आनंद होतो की" वगैरे मजकूर गाळून माणूस लिहीत असे, "मुलगा झाला. दोघे सुखरूप." हा झाला एक मार्ग. यात गाळलेले शब्द वाचणाऱ्याला परत कधीच मिळत नाहीत. मात्र त्यांच्यावाचून त्याचे अडतही नाही.

दुसरा मार्ग अधिक चतुर होता. दिवाळी, लग्न, परीक्षेतले यश अशा प्रसंगांच्या ठराविक शुभेच्छांना तार खात्याने क्रमांक देऊन ठेवले होते. तुम्ही नुसता क्रमांक द्यायचा. पलीकडच्या तार कचेरीत यादी पाहून पूर्ण वाक्य कागदावर उतरत असे. येथे एकही शब्द हरवत नाही. दोन्हीकडे तीच यादी असली म्हणजे झाले.

संगणकातली सर्व संक्षेपणे या दोन जातींपैकी एका जातीची असतात: काहीतरी टाकून देणारी, आणि काहीही न टाकता फक्त घडी घालणारी.

घडी घालणारी सर्वांत प्रसिद्ध युक्ती इस्रायलमधील जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ साली मांडली. मजकुरात आधी आलेला तुकडा पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता "इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून इतकी अक्षरे उचल" असे लिहायचे. म्हणजे तार खात्याची यादी आधी छापून ठेवण्याऐवजी मजकुरातच ती तयार होत जाते. अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ साली आणलेल्या 'झिप' फायली याच घराण्यातल्या. अनेक फायली एकत्र बांधून त्यांची घडी घालायची आणि एकच फाईल करायची. हेच आपले गाठोडे. गंमत अशी की संगणकातज्ज्ञ अजूनही वापरतात ते 'टार' नावाचे दुसरे एक गाठोडे मूळचे चुंबकीय फितींवर जुडगे ठेवण्यासाठी केलेले होते. त्याच्या नावातला पहिला 'टी' फितीच्या इंग्रजी नावातून आलेला आहे!

तर मग आवाजाची फाईल झिपमध्ये बांधली की काम झाले? करून पाहा. लेखी मजकूर निम्म्याहून कमी होतो, पण आवाज फारसा आकसत नाही. कारण आवाजात तोच तुकडा पुन्हा येत नाही. तुम्ही "पाणी" हा शब्द दहा वेळा म्हणा. कानाला तो दहाही वेळा सारखाच वाटेल, पण त्याचे आकडे कोणत्याही दोन वेळा अगदी तेच येणार नाहीत. मागे जाऊन उचलण्यासारखे तिथे काही सापडतच नाही.

पुढचा आकडा ओळखा

पण आवाजात दुसरा एक गुण आहे. त्याचे आकडे उड्या मारत नाहीत. ते बहुधा सावकाश चढतात आणि सावकाश उतरतात. समजा, ओळीने आठ मोजमापे अशी आली:

१००, १२०, १३७, १५०, १५८, १६१, १५९, १५१.

पहिली दोन तशीच लिहून घेऊ. आता तिसरे काय असेल, याचा अंदाज करा. १०० वरून १२० झाले, म्हणजे २० ची चढ. तीच चढ पुढे चालू राहील असे धरले तर १४० येईल. प्रत्यक्षात आले १३७. चूक –३. पुढचा अंदाज, १३७ मध्ये आधीची १७ ची चढ मिळवून, १५४, आले १५०, चूक –४. असेच पुढे गेलात तर चुका येतात –३, –४, –५, –५, –५, –६. वही घेऊन करून पाहा.

आता खुबी लक्षात आली का? मोठे आकडे साठवण्याची गरजच नाही. पहिले दोन आकडे आणि पुढच्या चुका तेवढ्या ठेवायच्या. फाईल उघडणारा संगणकही हाच अंदाज करील आणि त्यात चूक मिळवून मूळ आकडा अचूक परत आणील. आधी ८ आकड्यांना १६ प्रमाणे १२८ बिट लागत होते. आता पहिल्या दोघांना ३२, आणि –८ ते ७ मधल्या सहा लहान चुकांना प्रत्येकी ४ प्रमाणे २४, एकूण ५६. निम्म्याहून कमी, आणि हरवले काहीच नाही! (चुकांचाही असाच अंदाज केला तर काय होईल? –३ वरून –४, म्हणजे –१. मग –१, ०, ०, –१. आकडे आणखी लहान झाले. अर्थात हे प्रत्येक वेळी जमत नाही.)

मागच्या अनेक आकड्यांवरून पुढच्याचा अंदाज करण्याची ही पद्धत बोलण्याला लावण्याच्या कामात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. कानपूरला १९३३ साली जन्मलेले बिष्णू अटल अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होते. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासह, आणि त्याच सुमारास जपानमध्ये फुमितादा इताकुरा व शुझो साइतो यांनी, बोलण्याच्या अंदाजाचे गणित बसवले. मोबाइल फोनवर तुम्ही बोलता तेव्हा तुमच्या शब्दांवर याच घराण्यातले गणित चालू असते.

उरलेल्या चुका थोडक्या बिटांत लिहिण्याची एक सोपी रीत रॉबर्ट राइस यांनी अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत बसवली होती, तीही अंतराळयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी. लहान आकड्याला लहान खूण, मोठ्याला मोठी. अंदाज आणि राइसची रीत या दोहोंचा मेळ घालून जॉश कोल्सन यांनी २००१ साली 'फ्लॅक' नावाची पद्धत पूर्ण केली. ती कोणालाही फुकट वापरता येते. तिने आवाजाची फाईल साधारण निम्मी होते आणि उघडल्यावर मूळचा एकूणएक आकडा परत मिळतो. जुन्या कॅसेटच्या बाबतीत मात्र फायदा थोडा कमी होतो. कारण फितीच्या सळसळीचा अंदाज कोणालाच करता येत नाही. ज्यात कसलाच नियम नाही त्याची घडीही घालता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कुलुपाच्या वेळी ते उपयोगी पडेल.

जाते कोणी नेले?

आता पहिला मार्ग, गाळण्याचा. निम्म्याने समाधान होत नाही, तेव्हा संगणक कानाच्या उणिवांचा फायदा घेतो. ढोलताशाच्या शेजारी उभे राहून मित्राचे कुजबुजणे ऐकू येते का? मोठा आवाज जवळच्या कंपनसंख्येच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचे कशाला? 'एमपी३' ही पद्धत हेच करते. सेकंदाला ६४,००० बिट, म्हणजे ८,००० बाइट दिले तर आपल्या ८८,२०० बाइटचा अकरावा हिस्सा झाला, आणि बोलणे तरीही छान समजते.

नुसत्या बोलण्यासाठी असलेल्या पद्धती याहून कठोर असतात. जुन्या दूरध्वनीने फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे नेला; शब्द कळायला तो पुरतो. पुष्कळ यंत्रे आणखी एक काम करतात. जो आवाज एकसारखा चालू आहे तो पंख्याचा किंवा मोटारीचा असणार, असे समजून ती तो दाबून टाकतात. जात्याची घरघर खोल आहे, आणि एकसारखीही आहे. माझ्या ध्वनिमुद्रकाने आपले काम चोखच केले. त्याला 'बोलणे' हवे असे मीच सांगितले होते. जाते हे ओवीचेच अंग आहे, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून गाळणाऱ्या पद्धती वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. मावशीला निरोप पाठवायला त्या उत्तमच. पण जपून ठेवण्याच्या प्रतीसाठी त्या वापरू नका. उद्या त्या फाईलमधून कोणाला काय हवे असेल, हे आज आपल्याला ठाऊक नसते. पुण्याच्या गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. अशा संग्रहाकडे कोणी शब्दांसाठी येईल, कोणी चालीसाठी, कोणी बोलीतल्या हेलांसाठी, आणि एखादा जात्याचा वेग मोजायलाही येईल.

आणखी एक सावधगिरी. फोनमधला ध्वनिमुद्रक बहुधा आधीच गाळून साठवतो. अशी फाईल नंतर फ्लॅकमध्ये बदलली म्हणून गेलेले परत येत नाही. पुसट छायाप्रतीची मोठ्या कागदावर पुन्हा प्रत काढली, तर रेषा मोठ्या होतात, स्पष्ट होत नाहीत. म्हणून गाळण्याविना साठवण्याची सोय फोनमध्ये असेल तर ती मुद्रणाआधीच लावा.

अंगठ्याचा ठसा

घडी घातलेल्या वस्तूला एक धोका असतो. तारेतला एक शब्द चुकला तर सगळा अर्थ बदलतो. लांबलचक पत्रातला एक शब्द चुकला तर मागचापुढचा मजकूर पाहून तो सुधारता येतो. जादा शब्द काढून टाकले की आधारही गेला. झिपच्या गाठोड्यात एक बिट उलटला, तर त्या फाईलचा तिथून पुढचा सगळा भाग निकामी होऊ शकतो. फ्लॅकमध्ये आवाजाचे लहान लहान पुडे बांधलेले असतात, बहुधा ४,०९६ मोजमापांचे. एक पुडा बिघडला तर सेकंदाचा अकरावा भाग जातो, बाकीचा आवाज शाबूत राहतो. आवाज आधी फ्लॅकमध्ये घालून मग ते पुडके गाठोड्यात न दाबता नुसते बांधावे, असे मी सुचवतो ते यासाठीच.

पण बिघाड झाला हे कळणार कसे? तास तास ऐकत बसायचे? येथे एक युक्ती करतात. आपल्या आठ आकड्यांची बेरीज करा: १,१३६. ती फाईलशेजारी लिहून ठेवा. वर्षाने पुन्हा बेरीज करा. जुळली नाही तर काहीतरी बदलले. मात्र ही युक्ती कच्ची आहे. १५८ आणि १६१ यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते! मग प्रत्येक आकड्याला त्याच्या क्रमाने गुणून बेरीज करा: १ × १०० + २ × १२० + ३ × १३७ आणि असेच पुढे. उत्तर ५,४२८. अदलाबदल झाली तर ५,४२५. चोर सापडला.

संगणक हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतो. 'शा-२५६' नावाची रीत कितीही मोठ्या फाईलचे घुसळण करून २५६ बिटांचा एक आकडा काढते. फाईलमधला एक बिट बदलला तरी हा आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. असे आकडे किती असू शकतात, तर ती संख्या ७८ अंकी आहे. म्हणून याला फाईलच्या अंगठ्याचा ठसा म्हणायला हरकत नाही. फ्लॅक स्वतःही मूळ आवाजाचा 'एमडी५' नावाचा एक जुना ठसा आत ठेवते. मुद्दाम घडवून दोन वेगळ्या फायलींचा एमडी५ ठसा सारखा आणता येतो, हे चिनी संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले. आपोआप होणारा बिघाड ओळखायला तो अजून चालतो. पण लबाडी पकडायची तर शा-२५६ घ्या.

ठसा बिघाड सांगतो, दुरुस्त करत नाही. दुरुस्तीला दुसरी प्रत लागते. संग्रहालयांतले लोक निदान तीन प्रती ठेवतात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. तुम्ही एक घरी, एक शाळेत आणि एक काकांकडे ठेवलीत तरी पुरे.

कुलूप

आता शेवटचा प्रश्न गुपिताचा. ओव्या सर्वांच्या आहेत. पण समजा, गावचा इतिहास लिहिण्यासाठी तुम्ही एका आजींशी बोललात, आणि बोलण्याच्या ओघात त्या घरातल्या भांडणाविषयी सांगून गेल्या. ती फाईल कोणाच्याही हाती पडता कामा नये. त्यासाठी कूटलेखन करतात.

आवाजाला लावलेल्या सर्वांत भारी कुलुपाची हकिकत मोठी मजेदार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि इंग्लंड यांच्यामधली रेडिओ-दूरध्वनीवरची बोलणी जर्मन ऐकत होते, कारण तेव्हाचे कुलूप त्यांनी फोडले होते. तेव्हा बेल प्रयोगशाळेने 'सिगसॅली' नावाचे यंत्र तयार केले. त्याचे वजन ५० टनांहून अधिक! १५ जुलै १९४३ रोजी त्यावरून पहिली बैठक झाली. हे यंत्र आधी होमर डडली यांच्या पद्धतीने बोलण्याचे संक्षेपण करी. त्यातले थोडे मुख्य चढउतार तेवढे घेऊन सेकंदाला ५० वेळा मोजी, आणि त्यांना ० ते ५ असे आकडे देई. मग दर आकड्यात किल्लीचा एक आकडा मिळवी. उत्तर ६ किंवा जास्त आले तर ६ वजा करी. समजा, आवाजाचा आकडा ४ आणि किल्लीचा ५. बेरीज ९, त्यातून ६ गेले, ३ पाठवले. पलीकडचा ३ मधून ५ वजा करतो, –२ येतात, ६ मिळवतो. मूळचे ४ परत आले. घड्याळात ११ नंतर ३ तासांनी २ वाजतात, तसलेच हे गणित. मध्ये ऐकणाऱ्याला मात्र नुसते विस्कळीत आकडे मिळतात.

किल्ली कसली होती? ग्रामोफोनची तबकडी! तिच्यावर कसलाही नियम नसलेली खरखर मुद्रित केलेली. अशा दोनच तबकड्या काढत. एक वॉशिंग्टनला, एक लंडनला. दोन्ही बरोबर एकाच वेळी फिरवायच्या आणि एकदा वापरल्या की नष्ट करायच्या. हे कुलूप कोणी फोडल्याची नोंद नाही.

आज तबकडी लागत नाही. जोन डेमन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचलेली 'एईएस' नावाची रीत अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि जगभर तीच चालते. तुम्ही दिलेल्या परवलीच्या शब्दावरून किल्ली तयार होते आणि तिच्या साहाय्याने गाठोड्यातला प्रत्येक बाइट बदलून जातो. झिपचे जुने कुलूप मात्र वापरू नका. आतला थोडासा मजकूर आधीच ठाऊक असेल तर ते उघडता येते, हे एली बिहाम आणि पॉल कॉकर यांनी १९९४ सालीच दाखवले. आणि आवाजाच्या फायलींची सुरुवात तर ठरीव अक्षरांनीच होते! गाठोडे बांधताना एईएस निवडले आहे ना, हे पाहा. आणखी एक खोच: कुलूपबंद झिपमध्येही आतल्या फायलींची नावे बाहेरून वाचता येतात. फाईलला 'आजींच्या घरच्या भांडणाची गोष्ट' असे नाव दिलेत तर कुलपाचा अर्धा उपयोग संपला. 'मुलाखत ७' पुरे.

परवलीचा शब्द सहा अंकी ठेवलात तर शक्यता १० लाख. सेकंदाला १० लाख शब्द तपासणारे यंत्र ते कुलूप एका सेकंदात उघडील. कसलाही अर्थ नसलेली १२ इंग्रजी लहान अक्षरे घेतलीत तर शक्यतांची संख्या १७ अंकी होते, आणि त्याच यंत्राला ३,००० वर्षे लागतील. हजारपट वेगाचे यंत्र आणले तरी तीन वर्षे. पण हीच गोष्ट तुम्हालाही लागू आहे, हे विसरू नका! परवलीचा शब्द हरवला तर कुलूप तुमच्याकडे पाहून उघडत नाही. तबकडी फुटली तर लंडनलाही काही ऐकू येत नसे. म्हणून माझे मत असे की ओव्या, आरत्या, भाषणे यांना कुलूप लावूच नये. ठसा आणि तीन प्रती पुरेत. कुलूप फक्त आजींच्या मुलाखतीला, आणि तो शब्द कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात, फाईलपासून दूर.

प्रयोग

शाळेच्या संगणकावर एक मिनिट बोलणे न गाळता मुद्रित करा. एका मायक्रोफोनने, सेकंदाला ४४,१०० मोजमापांनी घेतले असेल तर फाईल सुमारे ५२ लाख ९२ हजार बाइटची होईल. तिची झिप करा, मग फ्लॅक करा, मग एमपी३ करा, आणि चारही आकार फळ्यावर लिहा. एमपी३ ची पुन्हा झिप करून पाहा. ती जवळजवळ तेवढीच राहील, कारण घालण्याजोगी घडी आधीच घातलेली आहे.

आता मूळ फाईलला आधी कुलूप लावा आणि नंतर फ्लॅक किंवा झिपने लहान करायला जा. फ्लॅक ती आवाज म्हणून ओळखणारच नाही, आणि झिप एक बाइटही कमी करणार नाही. कुलूप लावल्यावर आकडे कसे दिसतात? कसलाही नियम नसल्यासारखे. मघाचे फितीच्या सळसळीविषयीचे वाक्य आठवा. म्हणून आधी घडी, मग कुलूप. सिगसॅलीमध्येही क्रम हाच होता.

आणि त्या एका मिनिटात बोलणाऱ्याच्या मागे वर्गातला पंखा चालू ठेवा. मग फोनवरच्या बोलण्याच्या पद्धतीने केलेली प्रत आणि फ्लॅकची प्रत डोळे मिटून पाठोपाठ ऐका, आणि पंखा कोणत्या प्रतीत फिरतो आहे ते सांगा.